भिंतीवर नेण्याआधी चित्राची पाठ बघा
(वाचकांचे प्रश्न : चित्रसंग्रह)

प्रश्न : आम्ही नवरा-बायकोने नाशिकमध्ये हळूहळू ४२ चित्रं जमवली आहेत. त्यात कागदावरची आणि मांजरपाटावरची वारली चित्रं, घाटांची जलरंगातली निसर्गचित्रं आणि इथल्याच चित्रकारांचे काही ॲक्रिलिक कॅनव्हास आहेत. एका वाचनालयाने जानेवारीत १० दिवस सभागृह देऊ केलंय. घरातून चित्रं काढण्याआधी काय तयारी करावी?

उत्तर : आधी सगळी ४२ लावायचा विचार सोडा. ६० सें.मी. रुंदीची ४२ चित्रं ४५ सें.मी. अंतराने लावली तर ४४ मीटर भिंत लागते. १२ बाय ९ मीटरच्या सभागृहाच्या चारही भिंती मिळून ४२ मीटर भरतात, त्यातून दारं-खिडक्या वजा करा. २५-२८ चित्रं निवडा, बाकीची पुढच्या खेपेला.

निवडलेलं प्रत्येक चित्र उलटं करून पाठ तपासा. खरी दुखणी तिथेच असतात. आपल्याकडे फ्रेमवाले मागे हार्डबोर्ड किंवा प्लायवूड ठोकून देतात. लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं आणि कागदावर तपकिरी छटा येते. कधी कधी तर प्लायच्या रेघाही उमटतात. अशी पाठ बदलून आम्लमुक्त बोर्ड घाला. चित्र सेलोटेपने किंवा फेव्हिकॉलने चिकटवलेलं असेल तर स्वतः ओढू नका, ते काम जाणकार संवर्धकाचं, म्हणजे चित्रं जपण्या-दुरुस्त करण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं. नव्याने बसवताना जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावायच्या. खालची कड मोकळी हवी, म्हणजे हवेतल्या दमटपणाप्रमाणे कागद फुगला-आकसला तरी सुरकुत्या पडत नाहीत.

चित्र आणि काच यांत माउंटची (चित्राभोवती बसवलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) किमान ३-४ मि.मी. फट हवी. वारलीत हे फार महत्त्वाचं, कारण तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग गेरूवर नुसता बसलेला असतो. काच टेकली आणि पावसाळ्यात आत दमट झालं की तो काचेला चिकटतो. नंतर काच उचलली तर तारपा वाद्याभोवती फेर धरलेल्यांचे हातपाय काचेवर राहतात आणि कागदावर नुसता गेरू. हे नुकसान भरून येत नाही. काच आतून पांढरी ठिपकेदार दिसली तर फ्रेम न उघडता आडवी ठेवा आणि तशीच संवर्धकाकडे न्या. खळ आणि पीठ हे कसरीचं खाद्य आहे, म्हणून कोपऱ्यांत कुरतडल्याच्या खुणाही शोधा.

मांजरपाटावरची चित्रं घडी घालून ठेवली असतील तर घडीवरचा रंग सुटलेला असणार. इस्त्री अजिबात नको, वाफेची तर नाहीच. १०-१५ सें.मी. व्यासाच्या नळीवर आधी धुतलेलं मलमल गुंडाळा, मग रंगाची बाजू बाहेर ठेवून चित्र सैल गुंडाळा.

कॅनव्हासची अडचण वेगळी. ॲक्रिलिक रंग उष्णतेने मऊ पडतो. बबल रॅप थेट रंगावर लावून टेम्पो उन्हात उभा राहिला तर गोल गोल ठसे कायमचे उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग बबल रॅप, तोही फुगे बाहेरच्या बाजूला करून. काचेच्या फ्रेमवर मास्किंग टेपची फुली मारा, म्हणजे काच फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. टेम्पोत चित्रं उभीच ठेवा, पुठ्ठ्याचे कोपरे लावून आणि तोंडाला तोंड, पाठीला पाठ करून.

टांगताना एका खिळ्यावर दोरी नको. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना डी-रिंग (इंग्रजी D आकाराची कडी) लावा आणि भिंतीत दोन हूक मारा. खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की मागून हवा खेळते. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५-१५० सें.मी. उंचीवर ठेवा. शाळेची मुलं येणार असतील तर थोडा खाली घेतलात तरी उत्तम.

प्रश्न : सभागृहात प्रखर दिवे आहेत. १० दिवसांत काय बिघडणार?

उत्तर : प्रकाशाने होणारी इजा साठत जाते. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं एकक. जलरंग आणि कागदासाठी ५० लक्स, ॲक्रिलिक-तैलरंगासाठी २०० लक्सपर्यंत, हे संग्रहालयांचं माप. रोज ८ तास ५० लक्स धरले तर १० दिवसांत ४,००० लक्स-तास होतात. ५०० लक्सच्या झोतात तेवढे एकाच दिवसात होतात! जलरंग खिडकीसमोर नकोत. एलईडी वापरा, दिवा लांब न्या आणि सभागृह रिकामं असताना बंद करा. मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं पुरतं. एका दिवसासाठी लक्समीटर भाड्याने मिळाला तर घ्याच.

प्रश्न : चित्रं आमच्या मालकीची आहेत. त्यांची पोस्टकार्डं छापून वाचनालयाला मदत करता येईल का?

उत्तर : चित्रकाराच्या लेखी परवानगीशिवाय नाही. चित्र विकत घेतलं म्हणून कॉपीराइट मिळत नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे तो चित्रकाराकडे, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. पुस्तिका आणि जाहिरातीतली छायाचित्रंही यात आली.

आणि नावफलकाबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. जलरंगाखाली चित्रकाराचं पूर्ण नाव आणि शेजारी नुसतं ‘वारली चित्र, पारंपरिक’, असं कृपा करून करू नका. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यांच्या स्वतःच्या रेषेसाठी. कोपऱ्यातली सही माउंटखाली झाकली गेली आहे का ते बघा, जुन्या पावत्या शोधा, पाड्यावर फोन करा. नाव, गाव, साल, माध्यम आणि माप एवढं प्रत्येक फलकावर हवं. नाव सापडलंच नाही तर ‘चित्रकाराचं नाव नोंदलेलं नाही’ असं लिहा.

प्रश्न : विमा लागतो का?

उत्तर : हो. घरातल्या खिळ्यापासून परत त्याच खिळ्यापर्यंत, म्हणजे प्रवासासकट संरक्षण मागा आणि प्रत्येक चित्राची ठरलेली किंमत यादीत लिहून घ्या. निघण्यापूर्वी पुढून, मागून आणि एकदा बाजूने तिरका प्रकाश टाकून छायाचित्रं काढा. त्यावर तारीख आणि वाचनालयाच्या प्रतिनिधीची सही घ्या. चित्रं परत आल्यावर हीच छायाचित्रं हातात धरून एकेक तपासा आणि मगच पोचपावती द्या.