कोलेस्टेरॉलची गोळी आणि स्त्रीबीज

प्रश्न : माझे वय 31. आईला 48व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. माझा एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 210 निघाल्यापासून दीड वर्ष रोज अॅटोर्व्हास्टॅटिन 20 मिलिग्रॅम घेते. आता आम्हाला मूल हवे आहे. गोळीने स्त्रीबीजे खराब झाली असतील का? ती किती आधी बंद करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बीजे खराब झाली असतील ही धास्ती सोडा. ती निर्माण झाली प्रयोगशाळेतून. तुमची गोळी स्टॅटिन गटातली. स्टॅटिन ज्या वाटेवर अडसर घालते, तिथे कोलेस्टेरॉल बनण्याआधी काही मधले स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्याच जातीचे पदार्थही तयार होतात. त्यांतला एक, बीजाच्या विभाजनाला चालना देणारा, 1995 मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी पुटकातल्या (अंडाशयात बीज वाढते त्या पिशवीतल्या) द्रवात शोधला. म्हणून बशीतल्या बीजांवर स्टॅटिन टाकून पाहिले जाते. पण तिथली मात्रा बहुधा रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट असते. शिवाय पोटातून घेतलेली गोळी बरीचशी यकृतातच अडकते.

बीज स्वतः कोलेस्टेरॉल फारसे बनवत नाही, हे उंदरांत दिसले आहे. भोवतालच्या क्युम्युलस पेशी ते पुरवतात. पुटकाच्या द्रवात मुख्यतः एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) उतरते, एलडीएलचे मोठे कण आत शिरत नाहीत. म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचा 210 हा बीजाभोवतालचा आकडा नव्हेच. उलट, एचडीएलमधले कोलेस्टेरॉल उचलणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) नसलेल्या उंदरांच्या माद्या वांझ निघाल्या. त्यांना प्रोब्युकोल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारेच औषध, दिल्यावर पिल्ले झाली!

गोळी थांबवायची ती मुख्यतः गर्भासाठी. अवयव घडताना त्याला कोलेस्टेरॉल लागते. अमेरिकी मार्गदर्शनात 1 ते 2 महिने आधी, ब्रिटनमध्ये 3 महिने आधी थांबवतात. औषध स्वतः तीन-चार दिवसांत शरीराबाहेर जाते, बाकीचे अंतर सावधगिरीचे. हे अंतर संपेपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवा आणि फोलिक अॅसिड 400 मायक्रोग्रॅम आजपासूनच घ्या.

मात्र परस्पर बंद करू नका. 190 च्या वरचा एलडीएल आणि आईचा इतिहास पाहता आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीची शंका घ्यायला हवी. आधी हृदयतज्ज्ञांना विचारा. औषध लागलेच तर कोलेस्टिरामाइनसारखी, रक्तात न शोषली जाणारी पावडर देता येते. त्रास दोन: बद्धकोष्ठता, आणि ती फोलिक अॅसिडही धरून ठेवते. म्हणून फोलिकची गोळी पावडरच्या तासभर आधी किंवा 4 ते 6 तासांनी घ्या. गोळी बंद करून ‘नैसर्गिक’ म्हणून लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल सुरू करणे म्हणजे स्टॅटिनच घेणे; त्यातला मोनॅकोलिन के म्हणजेच लोव्हास्टॅटिन.

गोळी चालू असतानाच दिवस राहिले तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. तेवढ्यावरून गर्भपाताचा विचार करू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणातल्या स्टॅटिनवरची सरसकट मनाई 2021 मध्ये काढली. बहुतेक गर्भवतींनी स्टॅटिन थांबवावे, हा सल्ला मात्र कायम आहे. गरोदरपणात कोलेस्टेरॉल आपोआप वाढते, त्यामुळे दर महिन्याला लिपिड प्रोफाइल करून घाबरण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पीसीओडीसाठी स्टॅटिन घेतल्यास बीज फुटते का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टेस्टोस्टेरॉन थोडे उतरते, पण त्याने पाळी नियमित होते किंवा बीज फुटते असा भरवशाचा पुरावा नाही. बीज फुटण्यासाठी लेट्रोझोल हे औषध पहिल्या पसंतीचे. तेही सोनोग्राफीने पुटकाची वाढ बघत.