इंदूरमध्ये पक्षात न जाता महापालिकेच्या कामात कसा भाग घेता येईल?

कोणत्याही पक्षात न जाता, केवळ रामबागेतील रहिवासी म्हणून इंदूर महापालिकेच्या निर्णयांत सहभागी होता येते का, असे आपण विचारले आहे. येते, मात्र सुरुवात सूचनांपासून न करता तक्रारीपासून करावी. तुंबलेले गटार किंवा बंद पथदिवा महापालिकेच्या ‘इंदूर ३११’ ॲपवर छायाचित्रासह नोंदवावा आणि दाद लागली नाही, तर मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ क्रमांकावर जावे, कारण तेथे न सुटलेली तक्रार टप्प्याटप्प्याने वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते. काम झाल्याचे कोणी फोनवर सांगितले, तरी जागेवर पाहिल्याशिवाय तक्रार मिटवण्यास होकार देऊ नये.

माझ्या मते खरे बळ कागदात आहे. तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, अशी तरतूद १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने केली आहे. तेव्हा आपल्या भागाची समिती शेवटची कधी बसली, तिचे इतिवृत्त कोठे आहे आणि रस्त्यासाठी किती रक्कम मंजूर झाली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारावे. उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. ती माहिती जोडून, शेजाऱ्यांच्या सह्यांचे निवेदन (हिंदीत लिहिलेले बरे, कारभार त्याच भाषेत चालतो) नव्या आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रक ठरण्याआधी पार्षदांना (नगरसेवकांना) द्यावे आणि पोच घ्यावी. शहरात ८५ वॉर्ड असल्यामुळे ‘रस्ते सुधारा’ अशा मोघम मागणीकडे कोणी वळूनही पाहत नाही. गल्ली, लांबी आणि अडचण स्पष्ट लिहावी.