राउटर फर्मवेअरचा (राउटरमधल्या सॉफ्टवेअरचा) रात्रीचा बिल्ड, म्हणजे कोडपासून ते तयार करण्याची प्रक्रिया, कधी पास, कधी फेल. लॅपटॉपवर मात्र नेहमी पास. असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधली छोटी टीम, फर्मवेअर ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीची लिनक्सवर आधारित प्रणाली). जेनकिन्स (आपोआप बिल्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रोज रात्री २ वाजता कोऱ्या चेकआउटवर (कोडच्या ताज्या प्रतीवर) पूर्ण बिल्ड चालवतो. आठवड्यातून दोनतीनदा तो फेल होतो, सकाळी काहीही न बदलता पुन्हा चालवला की पास होतो.

सकाळी पास झाला म्हणून विषय सोडू नका. तुम्ही काही बदललं नाही आणि तरी निकाल बदलला, म्हणजे तुमच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) न नोंदलेलं काहीतरी बिल्डमध्ये शिरतंय. अशा जागा मोजक्याच असतात आणि सगळ्या शोधता येतात.

लॅपटॉपवर बिल्ड होतो हा पुरावाच धरू नका. तिथल्या ‘स्टेजिंग_डिर’ फोल्डरमध्ये आधीच्या बिल्डमधली हेडर आणि लायब्ररी (इतर प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडच्या फाइली) साठलेली असतात. समजा एका पॅकेजला जेसन-सी (एक लायब्ररी) लागतं, पण त्याच्या मेकफाइलमधल्या (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधल्या) ‘डिपेंड्स’च्या, म्हणजे काय काय लागतं त्याच्या, ओळीत ते लिहिलेलं नाही. लॅपटॉपवर हेडर आधीच हजर, म्हणून कंपाइल होतं. कोऱ्या चेकआउटवर १६ जॉब (समांतर चालणारी कामं) एकदम सुटले की जेसन-सी आधी तयार झालं तर पास, नंतर झालं तर ‘नो सच फाइल’. शर्यत कोण जिंकणार हे त्या रात्री मशीनवर किती लोड आहे त्यावर ठरतं.

याचाच उलटा प्रकार जास्त फसवा आहे. बऱ्याच पॅकेजांची कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादी लायब्ररी दिसली तर ती आपोआप वापरते, नाही दिसली तर गप्प पुढे जाते. लिबकॅप (अशीच एक लायब्ररी) आधी तयार झालं असेल तर पॅकेज त्याला लिंक होतं, आणि पॅकेजिंगच्या वेळी ‘मिसिंग डिपेंडन्सीज फॉर द फॉलोइंग लायब्ररीज’ असा एरर येतो. लिबकॅप उशिरा आलं तर सगळं सुरळीत! उपाय दोनच. लायब्ररी हवी असेल तर ती ‘डिपेंड्स’मध्ये लिहा, नको असेल तर ‘कॉन्फिगर_आर्ग्ज’मध्ये ‘--विदाउट’ देऊन स्पष्ट बंद करा. नशिबावर सोडू नका.

पकडायचं कसं? कोऱ्या चेकआउटवर आधी ‘मेक टूल्स/इन्स्टॉल’ आणि ‘मेक टूलचेन/इन्स्टॉल’ करा. मग संशयित पॅकेज एकटंच, ‘मेक पॅकेज/नाव/कंपाइल’ असं, एका जॉबवर आणि ‘व्ही=एस’ (सविस्तर लॉग दाखवणारा पर्याय) लावून चालवा. अशा वेळी फक्त लिहिलेल्या डिपेंडन्सी तयार होतात, त्यामुळे पहिल्या प्रकारची चूक दर वेळी उघडी पडते. दुसऱ्या प्रकारासाठी ती लायब्ररी मुद्दाम आधी कंपाइल करा, नंतर पॅकेज. एकदा बिल्ड हमखास फेल करता आला की दुरुस्ती दोन ओळींची असते.

आता फीड्स, म्हणजे जास्तीची पॅकेजं जिथून येतात ते कोडचे साठे. २३.०५ सारख्या रिलीज शाखेवर ‘फीड्स.कॉन्फ.डीफॉल्ट’ फक्त शाखेचं नाव देतं. म्हणजे रात्री २ ला आणि सकाळी १० ला तुम्ही वेगळा कोड घेत असू शकता. प्रत्येक फीडच्या पत्त्यापुढे ^ लावून पूर्ण कमिट हॅश (कोडच्या एका नेमक्या आवृत्तीची खूण) लिहा. रिलीज टॅगमध्ये खुद्द प्रकल्पही हेच करतो. हॅश पुढे सरकवणं हा वेगळा कमिट असू द्या, म्हणजे बिल्ड फेल झाला तर कशामुळे ते त्याच दिवशी कळतं. डॉकर इमेजही (बिल्डसाठीचं तयार वातावरण) ‘लेटेस्ट’ टॅगवर न ठेवता डायजेस्टने (तिच्या नेमक्या हॅशने) बांधा.

पूर्ण ‘.कॉन्फिग’ (बिल्डमध्ये काय घ्यायचं ते सांगणारी फाइल) रेपोत ठेवण्यापेक्षा ‘डिफकॉन्फिग.एसएच’ने काढलेली छोटी फाइल ठेवा आणि बिल्डमध्ये ‘मेक डेफकॉन्फिग’ (उरलेल्या नोंदी भरणारी आज्ञा) चालवा. पण इथे एक खड्डा आहे. एखादं फीड नीट इन्स्टॉल झालं नाही, तर त्यातल्या पॅकेजची ओळ ‘डेफकॉन्फिग’ कुठलाही एरर न देता काढून टाकतं. बिल्ड हिरवा, आणि फर्मवेअरमध्ये वायरगार्डची (व्हीपीएनची) टूल्सच नाहीत! म्हणून ‘डेफकॉन्फिग’नंतर छोट्या फाइलमधली प्रत्येक ओळ ‘.कॉन्फिग’मध्ये सापडते का हे तपासा, एक जरी नसली तरी तिथेच थांबवा.

डाउनलोड हा बिल्डपासून वेगळा टप्पा ठेवा: आधी ‘मेक डाउनलोड’, मग नेटवर्क बंद असलेल्या कंटेनरमध्ये कंपाइल. कोणी चोरून नेटवर जात असेल तर लगेच दिसेल. ‘डीएल’ (डाउनलोडचं) फोल्डर सामायिक डिस्कवर टिकवून ठेवा, सीकॅशही (आधीच्या कंपाइलचा साठा) ठेवा. ‘बिल्ड_डिर’ आणि ‘स्टेजिंग_डिर’ मात्र एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत नेऊ नका. डाउनलोड केलेल्या फाइलचा हॅश (चेकसम) जुळत नाही म्हटल्यावर ‘पीकेजी_हॅश’ला ‘स्किप’ लिहून मोकळं होण्याचा मोह टाळा. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने आपोआप बनणाऱ्या अर्काइव्हचं कॉम्प्रेशन बदललं तेव्हा मजकूर तोच असूनही चेकसम बदलले आणि जगभर बिल्ड फेल झाले. त्यांना बदल मागे घ्यावा लागला. ज्यांच्याकडे जुन्या टारबॉलची (त्या अर्काइव्ह फाइलची) प्रत होती त्यांना झळ लागली नाही.

लॉगमध्ये ‘किल्ड’ आणि ‘सीसी१प्लस’ (सी++ कंपाइलर) शेजारी दिसले तर रॅम संपली आहे. मोठ्या सी++ फाइलसाठी जॉबमागे दीडदोन जीबी धरा आणि त्या हिशेबाने जॉब कमी करा.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. एक्झिट कोड शून्य आला (आज्ञा एरर न देता संपली) म्हणजे फर्मवेअर तयार झालं असं नाही. इमेज (राउटरवर चढवायची फर्मवेअरची फाइल) फ्लॅशच्या (राउटरच्या साठवणीच्या) मर्यादेपेक्षा मोठी झाली की ओपनडब्ल्यूआरटी ‘इमेज फाइल इज टू बिग’ अशी वॉर्निंग छापतं, ती फाइल पुसून टाकतं आणि बिल्ड पुढे चालू राहतो. म्हणून शेवटच्या पायरीत ‘बिन/टार्गेट्स’मध्ये प्रत्येक मॉडेलची इमेज आहे का, तिचा आकार किती, आणि मॅनिफेस्ट फाइल (इमेजमधल्या पॅकेजांची यादी) कालच्यापेक्षा कुठे वेगळी आहे हे तपासा. आकाराचा आकडा रोज नोंदवा. मर्यादा जवळ येतेय हे आठवडाभर आधी कळतं. कर्नल मॉड्यूल त्याच बिल्डमधली द्या, कारण कर्नलच्या कॉन्फिगरेशनवरून निघणारा व्हरमॅजिक हा हॅश जुळला नाही तर ती इन्स्टॉल होत नाहीत. त्यानंतर तीच पॅकेजं एक्स८६ इमेजमध्ये घालून क्यूईएमयूवर (आभासी मशीनवर) बूट करा, डीएचसीपीने पत्ता मिळतो का आणि फायरवॉलचे नियम चढतात का एवढं जरी पाहिलं तरी पुष्कळ.

नागपुरात असल्यामुळे दोन गोष्टी जास्तीच्या. एप्रिल-मे मध्ये रात्रीही खोली तापलेली असते. प्रोसेसरने वेग उतरवला की बिल्ड लांबतो आणि टाइमआउटला आपटतो. टाइमआउट नेहमीच्या वेळेच्या दुप्पट ठेवा, तापमान लॉगमध्ये घ्या, आणि बिल्ड मशीनच्या खोलीत डेझर्ट कूलर लावू नका, दमट हवा आणि धूळ दोन्ही आत जातात. दुसरं, मे-जूनच्या वादळात लाइट जाते. अचानक बंद पडलेल्या मशीनवर गिटची ‘इंडेक्स.लॉक’ फाइल मागे राहते आणि पुढचा चेकआउटच अडतो. शून्य बाइटच्या अर्धवट फाइलीही सापडतात. यूपीएसला एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) जोडून बॅटरी उतरायच्या आत मशीन नीट बंद होऊ द्या, आणि प्रत्येक रात्री वर्कस्पेस पुसूनच सुरुवात करा.

हे करूनही फेल होत राहिलं, तर एका जॉबवर ‘व्ही=एस’ लावून चालवलेला लॉग इथे टाका. शेवटच्या ओळी नकोत, जिथे पहिला एरर आला तिथल्या वरच्या चाळीसेक ओळी हव्यात.