यकृताच्या कर्करोगात नॉन-कोडिंग आरएनए नेमकं काय करतो? त्याची रक्ततपासणी करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की काकांना हिपॅटायटिस बीमुळे सिरोसिस झालाय, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालंय, आणि कुणीतरी मायक्रोआरएनएची रक्ततपासणी सुचवलीय. मी डॉक्टर नाही. लिव्हरच्या गाठींमधून आरएनए काढण्यात माझी काही वर्षं गेली, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

आरएनए म्हणजे डीएनएवरून अक्षर-अक्षर उतरवलेली प्रत. पेशीत तयार होणाऱ्या पुष्कळशा आरएनएपासून प्रथिन बनतच नाही. ते नॉन-कोडिंग. त्यातले जेमतेम बावीस अक्षरांचे ते मायक्रोआरएनए; दुसऱ्या आरएनएवर जाऊन बसायचं आणि त्याचं प्रथिन होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा धंदा. १९९३ साली एका मिलिमीटरभर किड्यात सापडले, नोबेल मिळायला २०२४ उजाडलं.

लिव्हरपुरतं एकच नाव धरून ठेवा: मिर-१२२. लिव्हरमधल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के हा एकटाच असतो. आमच्याकडे ऑपरेशननंतर एकाच रुग्णाचे दोन तुकडे यायचे, एक गाठीचा, एक तिच्या शेजारचा. उणे ८० च्या फ्रीजरमधून काढले की थेट बर्फावर. हातमोजे सारखे बदलायचे, कारण आपल्या कातडीवरचं एन्झाइमच आरएनए फस्त करतं. शेवटी पीसीआरच्या, म्हणजे दर फेरीला प्रती दुप्पट करून मोजणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर शेजारच्या तुकड्याची रेघ लवकर उठायची आणि गाठीची पुष्कळदा मागे रेंगाळायची. तीन फेऱ्या मागे म्हणजे मिर-१२२ साधारण आठपट कमी.

कमी झाला तर बिघडतं काय? मिर-१२२ एरवी सायक्लिन जी१ सारखी प्रथिनं दाबून ठेवतो. तो गेला की तो लगाम सुटतो. २०१२ मध्ये ज्या उंदरांमधून मिर-१२२ काढून टाकला, त्यांच्या लिव्हरमध्ये आधी चरबी आणि सूज, मग फायब्रोसिस (व्रणांच्या तंतूंची वाढ), शेवटी कॅन्सर झाला. म्हणजे हा राखणदार. पण हिपॅटायटिस सीचा विषाणू वाढायला याच राखणदाराची मदत घेतो, हे २००५ मध्ये कळलं. त्यावर मिर-१२२ अडवणारं मिराव्हिर्सेन नावाचं औषध आलं, रुग्णांमध्ये विषाणू कमीही झाला. पण तेवढ्यात थेट विषाणूवर चालणाऱ्या गोळ्या आल्या आणि ते मागे पडलं. माझ्या मते बरंच झालं.

उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. हल्क नावाचा लांबलचक आरएनए गाठीत भरमसाट वाढतो. आणि मिर-१२२सारखाच आणखी एक राखणदार म्हणजे मिर-३४; त्याची नक्कल करणारं औषध माणसांवर तपासलं गेलं, पण प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली.

आता तपासणीचं. गाठीत मिर-१२२ कमी असला तरी रक्तात तो वाढलेला दिसू शकतो, कारण लिव्हरची पेशी कशानेही फुटली की तो रक्तात सांडतो. हिपॅटायटिसने सांडतो, पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसनेही सांडतो. त्यामुळे त्या एका आकड्यावरून कॅन्सर आहे किंवा नाही असं ठरवता येत नाही. काकांसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी), हेच धरून ठेवा. मायक्रोआरएनएच्या तपासणीपायी सोनोग्राफी पुढे ढकलू नका.

आणि काकांच्या घरातल्या सगळ्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी झालीय का? नसेल तर आधी ती करा. निगेटिव्ह आले आणि पूर्वी लस घेतलेली नसेल, तर लस आहे.