शिल्पकलेचे शिक्षण घेतलेले कृष्णा रेड्डी मुद्राचित्रणाकडे का वळले?

हेन्री मूर आणि ओसिप झाडकिन यांच्या हाताखाली शिल्पकला शिकलेले कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) जगभर मुद्राचित्रकार, म्हणजे कोरलेल्या प्लेटवर शाई लावून कागदावर छाप काढणारे कलावंत, म्हणून ओळखले जातात, तेव्हा त्यांनी शिल्पकला सोडून दिली होती का, असा आपला प्रश्न आहे. मी स्वतः धातूच्या प्लेटवर काम करतो आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की त्यांनी शिल्पकला सोडली नाही, तर ती प्लेटमध्ये आणली.

आंध्रातील चित्तूर जिल्ह्यात जन्मलेले रेड्डी शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. मद्रासच्या ‘कलाक्षेत्र’ या संस्थेत काही काळ शिकवल्यानंतर ते लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेले आणि तेथून पॅरिसला आले. मिलानमध्ये मारिनो मारिनी यांच्याकडेही त्यांनी शिल्पाचे धडे घेतले. मात्र त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण दिले ते पॅरिसमधील मुद्राचित्रकार स्टॅनली विल्यम हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेने, जिचे ते पुढे हेटर यांच्यासह सहसंचालकही झाले.

या कार्यशाळेत रेड्डी, कायको मोती आणि हेटर यांच्या प्रयोगांतून जी पद्धत आकाराला आली, ती व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग (शाईच्या कमीअधिक दाटपणावर आधारलेली छपाई) या नावाने ओळखली जाते. रंगीत छापासाठी प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट करून त्या एकावर एक अचूक बसवणे हा त्यापूर्वीचा रूढ मार्ग होता. येथे एकाच प्लेटवर सगळे रंग लावून ती प्रेसमधून एकदाच काढली जाते. त्यासाठी प्लेटवर वेगवेगळ्या खोलीच्या पातळ्या असाव्या लागतात. कोरलेल्या खाचांत शाई भरून पृष्ठभाग पुसल्यावर, जवसाचे तेल घालून सैल केलेली शाई कडक रोलरने फक्त उंच भागांवर लावतात. त्यानंतर कमी तेलाची, अधिक चिकट शाई मऊ रोलरने फिरवली की तो रोलर खोलगट भागांत उतरतो आणि तेथे रंग सोडतो, पण आधीची तेलकट शाई जिथे बसलेली आहे तिथे हा दुसरा रंग धरत नाही. रंग कुठे बसेल हे अशा प्रकारे शाईतील तेलावर आणि प्लेटच्या चढउतारांवर ठरते.

आता हे चढउतार घडवायचे कोणी? रेखाटन करणाऱ्या चित्रकाराला ॲसिडने कोरलेली रेषा पुरते. रेड्डींना ती पुरली नाही. ब्युरिन (धातू कोरण्याची कोरणी), स्क्रेपर (धातू खरवडण्याचे हत्यार) आणि यंत्रावर चालणारी हत्यारे घेऊन ते प्लेटमधला धातू थरांथरांनी काढत असत, आणि त्यामुळे त्यांची प्लेट हेच एक उथळ उठावशिल्प झालेले असे. ‘व्हर्लपूल’ या १९६३च्या छापातील पाण्याची गती रंगांच्या निवडीइतकीच या उतारांनी घडवलेली आहे. माझ्या मते त्यांच्या कामाचे सर्वांत मोठे मोल येथे आहे, आणि केवळ भिंतीवरचा कागद पाहणाऱ्याच्या नजरेतून ते सहज निसटते.

तरीही १९६८च्या पॅरिसमधील विद्यार्थी आंदोलनाने ते हेलावले, तेव्हा ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’ हा विषय त्यांनी छापात आणि ब्राँझमध्येही हाताळला. त्यामुळे शिल्पाचा उपयोग त्यांनी निव्वळ तंत्रापुरता केला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

भारत सरकारने १९७२ साली त्यांना पद्मश्री दिली. पुढे १९७६मध्ये ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि तेथील विद्यापीठात त्यांनी मुद्राचित्रण शिकवले. सर्कशीतल्या विदूषकावरचा त्यांचा ‘ग्रेट क्लाउन’ याच काळातला. त्याची प्लेट एकच, पण रंगसंगती बदलून काढलेले छाप अनेक आहेत. संधी मिळाल्यास त्यांपैकी दोन-तीन शेजारी शेजारी ठेवून पाहावेत: रंग पूर्ण बदललेले असतानाही जे आकार जसेच्या तसे टिकून राहतात, ते रेड्डींमधल्या शिल्पकाराने धातूत कोरलेले आहेत.