पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आता शिकावी का, की सरळ पायथन?

लॉग (सर्व्हरच्या नोंदी), कॉन्फिगरेशन फायली, मजकुराची चाळणी हे रोजचं काम असेल तर पर्ल जरूर शिका. पहिली भाषा म्हणून मात्र पायथनच घ्या. मी सर्व्हर सांभाळतो. दोनशे फायलींमधला जुना आयपी पत्ता बदलायचा असला की आजही टर्मिनलवर पर्लची एकच ओळ मारतो: -पी, -आय, -ई हे तीन पर्याय, पुढे काय शोधायचं आणि काय घालायचं, झालं काम. -आय ला ‘.बॅक’ जोडलं की मूळ फायलीची प्रतही राहते (जोडाच). भाषा १९८७ची, पण बंद पडलेली नाही: ५.४२ ही आवृत्ती जुलै २०२५मध्ये आली, आणि लिनक्स कर्नलचे (म्हणजे गाभ्याचे) पॅच, म्हणजे कोडमधले बदल, तपासणारी चेकपॅच स्क्रिप्टही पर्लमध्येच आहे. ‘पर्ल ६’च्या मागे लागू नका, ती २०१९पासून राकू नावाची वेगळी भाषा आहे. एवढंच, की चार जणांनी मिळून सांभाळायचा नवा प्रकल्प पर्लमध्ये सुरू करू नका. सहा महिन्यांनी आपलंच रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचा सांकेतिक नमुना) मोडीतल्या कागदासारखं लावत बसावं लागतं.