पेटीचा सूर लागला, उधारीचं काय?

वाळूजहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, कारखान्यात क्वालिटी विभागात ९ वर्षं २ महिने, हातात ३८,०००. पत्नी खासगी शाळेत, १२,०००. शिफ्ट सुटल्यावर आणि रविवारी ते भजनी मंडळांच्या पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतात. ‘तेवढ्याच वेळी मी माणसात असतो.’ राजीनामा देऊन, पीएफचे ६,४०,००० काढून पैठण रस्त्यावर दुकान टाकावं का, असं विचारतात.

नमस्कार. तुमच्या पत्राचं दीड पान एका सुरावर, म्हणजे पेटीतल्या वाजणाऱ्या पितळी पट्टीवर आहे. टोकाला घासला की चढतो, बुडाला घासला की उतरतो, हात जरा जड पडला की गेला. नोकरीवर चार ओळीसुद्धा नाहीत. म्हणून ‘खरंच आवडतं का’ हे मी विचारत बसत नाही. मला काळजी उधारीची आहे.

वर्षात काम १,१४,००० चं झालं. सूर, चामडं, पेट्रोल गेले २१,०००. येणं बाकी २६,०००. हातात उरले ६७,०००, महिन्याला साडेपाच हजार. घरखर्च २४,००० आणि घराचा हप्ता ११,४००. पत्नीचा पगार धरूनही तुम्हाला २३,४०० आणावे लागतात. नाथषष्ठीच्या आधी तुम्हाला जेवायला फुरसत नसते, आणि पैसे मागितले की, ‘सोयाबीन निघू द्या, देऊ की!’ आपल्याकडं सगळेच धंदे सोयाबीनच्या तारखेवर चालतात. बँकेचा हप्ता तेवढा थांबत नाही.

तेव्हा अजून दहा महिने काढा. १० वर्षं भरली की ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन पक्की होते. आधी सोडून ते पैसे काढले तर थोडी एकरकमी रक्कम मिळते आणि विषय संपतो. पेन्शन फार नाही, पगाराच्या १५,००० च्या मर्यादेनं वयाच्या ५८ नंतर महिना २,१४० च्या आसपास. पण पेटीवाल्याला दुसरं कोण पेन्शन देणार? १९,५०० मूळ पगारावर १० वर्षांची ग्रॅच्युइटी १,१२,५०० होते. त्यात ती २६,००० ची उधारी वसूल करून घातली की जवळजवळ सहा महिन्यांची सोय झाली. पीएफला हात लावू नका. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जाईल, म्हणून घरच्यांचा स्वतंत्र विमा आत्ताच घ्या. जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

गाळा तर नकोच. लोक पेटी मोटारसायकलला बांधून आणतात ती तुमचं नाव ऐकून. पुढची खोली पुरे.

नोकरी सांभाळून महिन्याला १२,००० हातात (बिलात नव्हे) पडू लागले, तर पूर्णवेळ त्याच्या दुप्पट होतील असं मी धरीन आणि मीच म्हणेन, सोडा.

तोवर निम्मे पैसे पेटी ठेवून घेताना, निम्मे नेताना. देवाच्या कामाचे पैसे मागायला जीभ रेटत नाही, कळतं मला. येत्या रविवारी एकाच मंडळाला म्हणून बघा, आणि काय उत्तर आलं ते कळवा.